पनवेल व महाड : वैद्यक संशोधकाच्या लेखनाचे मोजमाप

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या वैद्यक संशोधकाने काय साधले हे त्याच्या लेखनावरून ठरवावयाचे झाल्यास दोन प्रश्न पुढे येतात. त्याने किती लिहिले, हा पहिला. आणि जे लिहिले त्याचा इतर संशोधकांनी किती उपयोग केला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शोधनिबंधांच्या संख्येने दिले जाते. दुसऱ्याचे संदर्भोल्लेखांच्या, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांच्या संदर्भसूचीत त्या लेखनाचा किती वेळा निर्देश केला त्याच्या, संख्येने. अध्यापकांच्या नेमणुका, पदोन्नती, संशोधनास मिळणारे अनुदान, एवढेच नव्हे तर संस्थेची मान्यताही आज बऱ्याच अंशी या दोन संख्यांवर अवलंबून असते. त्यामुळे या संख्या नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हा प्रश्न ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकापुरता मर्यादित राहिलेला नाही.

या प्रश्नाचा विचार केवळ तत्त्वाच्या पातळीवर करण्यापेक्षा प्रत्यक्ष उदाहरणे समोर ठेवून करणे अधिक इष्ट होय. रायगड जिल्ह्यात अशी दोन उदाहरणे सुदैवाने उपलब्ध आहेत. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतील खारघर येथे टाटा मेमोरियल केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तेथे शेकडो संशोधक व तंत्रज्ञ अद्ययावत प्रयोगशाळांत काम करतात. पनवेलहून निघणाऱ्या मुंबई–गोवा महामार्गाने दक्षिणेस गेल्यास त्याच जिल्ह्यात महाड लागते. तेथे एका चिकित्सकाने आपल्या छोट्या रुग्णालयातून विंचूदंशावर केलेले संशोधन जगातील अग्रगण्य वैद्यक नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. एकच मोजपट्टी या दोन्ही ठिकाणी लावली असता काय होते, हे पाहणे उद्बोधक आहे.

२. मोजमापाची साधने

ग्रंथ व लेखन यांची संख्याशास्त्रीय पाहणी करण्याची कल्पना भारतास परकी नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९४८ साली अशा अभ्यासास ‘लायब्रमेट्री’ हे नाव सुचविले होते. तथापि, संदर्भोल्लेखांची पद्धतशीर सूची करण्याचे श्रेय अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांच्याकडे जाते. १९५५ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकातील लेखात त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९६० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची प्रत्यक्षात आणली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, गारफील्ड यांचा मूळ हेतू संशोधकांचे गुणांकन करणे हा नव्हता. एखादा जुना निबंध हाती घेऊन तेथून पुढे त्या विचाराचा प्रवास कसा झाला हे शोधता यावे, तसेच चुकीचे ठरलेले निष्कर्ष पुढे नकळत वापरले जाऊ नयेत, यासाठी ती सूची होती. शोधाचे साधन पुढे तोलण्याचे साधन झाले.

याच सूचीतून नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ अथवा प्रभावांक निघाला. त्याची रीत सोपी आहे. एखाद्या नियतकालिकाने लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून २०० शोधनिबंध व समीक्षालेख छापले आणि त्यापुढील वर्षी त्या दोन वर्षांतील लेखनाचे ६०० उल्लेख झाले, तर त्याचा प्रभावांक ३ होय. ही सरासरी नियतकालिकाची आहे. त्यातील कोणत्याही एका निबंधाची नाही. ‘नेचर’ या नियतकालिकाने २००५ साली स्वतःच्याच प्रभावांकाची फोड करून दाखविली, तेव्हा त्यातील ८९ टक्के उल्लेख केवळ २५ टक्के निबंधांमुळे आलेले आढळले. कर्करोगविषयक ‘सी ए’ या अमेरिकन नियतकालिकाचा प्रभावांक शेकड्यांत गेलेला आहे. त्याचे मुख्य कारण असे की, त्यात दरवर्षी प्रसिद्ध होणारी कर्करोगाची आकडेवारी जगभरच्या लेखकांना प्रास्ताविकात द्यावीच लागते. अशा नियतकालिकात एखाद्याचा निबंध छापला गेला म्हणजे तो निबंधही तितकाच वापरला गेला, असे अनुमान काढणे म्हणजे श्रीमंत गल्लीत राहणाऱ्या प्रत्येकास श्रीमंत ठरविण्यासारखे आहे.

व्यक्तीच्या मोजमापासाठी सर्वाधिक प्रचलित असलेला एच-निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली सुचविला. संशोधकाचे निबंध उल्लेखसंख्येच्या उतरत्या क्रमाने मांडावयाचे. ज्या क्रमांकापर्यंत निबंधाचे उल्लेख त्याच्या क्रमांकाइतके अथवा अधिक असतील, तो क्रमांक म्हणजे त्याचा एच-निर्देशांक. एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिल्या संशोधकाच्या पाच निबंधांचे उल्लेख अनुक्रमे ३००, १२, ७, ४ व ४ आहेत. दुसऱ्याच्या सात निबंधांचे ८, ८, ७, ७, ७, ६ व ६ आहेत. पहिल्याचे एकूण उल्लेख ३२७, दुसऱ्याचे अवघे ४९. परंतु पहिल्याचा एच-निर्देशांक ४ आणि दुसऱ्याचा ६ येतो. म्हणजे ज्याने एकच, परंतु तीनशे जणांना उपयोगी पडलेला निबंध लिहिला, तो या मापात मागे पडतो. हा मापाचा दोष नव्हे. ते माप सातत्य मोजते. दोष आहे तो सातत्याच्या मापाने महत्त्व मोजू पाहणाऱ्याचा.

याखेरीज, क्षेत्र बदलले की हा अंकही बदलतो. हिर्श यांनी आपल्या मूळ लेखातच दाखविले होते की, त्या वेळी भौतिकशास्त्रातील अग्रणी एडवर्ड विटन यांचा अंक ११०, तर जीवविज्ञानातील अग्रणी सॉलोमन स्नायडर यांचा १९१ होता. यावरून विटन हे स्नायडर यांच्याहून उणे ठरत नाहीत. जीवविज्ञानात लिहिणारे अधिक व संदर्भसूच्या लांब, एवढेच सिद्ध होते. वैद्यकाच्या अंतर्गतही हेच घडते. कर्करोगावर लिहिणारे जगात सहस्रावधी आहेत. विंचूदंशावर लिहिणारे मोजके.

३. महाड : दोन पानांचे टिपण

डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर यांचा जन्म १९५१ साली जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात झाला. नागपूर येथे वैद्यकीय पदवी घेऊन ते १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात आढळणारा तांबडा विंचू अत्यंत विषारी आहे. भातकापणी, सरपण, कौलारू घरे, अंधारात अनवाणी चालणे या सर्वांमुळे दंश नित्याचेच. आणि दंशानंतर काही तासांत धडधाकट मुले व तरुण फुप्फुसांत पाणी साचून मृत्यू पावत. त्या काळात पश्चिम भारतातील गंभीर रुग्णांपैकी सुमारे २५ ते ३० टक्के दगावत असत. पाठ्यपुस्तकांत या विकाराचे वर्णन त्रोटक होते आणि निश्चित उपचार सांगितलेला नव्हता.

बावस्करांनी रुग्णाच्या शेजारी बसून लक्षणांची कालक्रमाने नोंद ठेवली. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, पुरुषांत शिश्नाचा ताठरपणा ही प्रारंभीची चिन्हे दिसली की पुढे हृदयावर आघात होणार, असे त्यांच्या ध्यानात आले. ही पूर्वसूचक चिन्हे त्यांनी १९८२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये मांडली. विषामुळे चेतातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात, शरीरात ॲड्रिनॅलिनवर्गीय द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयावरील भार असह्य होतो, अशी या विकाराची कारणपरंपरा आहे. हा भार उतरविणारे, अल्फा-ग्राहकांना रोधणारे ‘प्राझोसिन’ हे औषध उच्च रक्तदाबासाठी बाजारात होते. ते तोंडाने देता येते, स्वस्त आहे आणि खेड्यातील दवाखान्यात ठेवता येते. त्याच्या वापराचा अनुभव हिंमतराव व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. हे लेखन जेमतेम दोन पानांचे, पत्ररूप होते. पुढे प्राझोसिनचा वापर रूढ झाल्यावर मृत्यूचे प्रमाण काही थोड्या टक्क्यांपर्यंत खाली आले.

एवढ्यावर काम थांबले नाही. विंचवाची प्रतिविष लस उपलब्ध झाल्यावर याच दांपत्याने महाड येथे ७० रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली. प्राझोसिनसोबत लस दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण. हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. ज्या औषधामुळे आपले नाव झाले, ते एकटे पुरेसे नाही हे त्या औषधाच्या पुरस्कर्त्यांनीच सिद्ध करून दाखविले, ही गोष्ट कोणत्याही निर्देशांकात उमटत नाही. परंतु संशोधकाच्या योग्यतेचा याहून मोठा पुरावा सापडणे कठीण. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री किताब जाहीर झाला.

४. मोजपट्टी कोठे अपुरी पडते

महाडच्या या लेखनास रूढ मोजपट्टी लावू गेल्यास पाच अडचणी उभ्या राहतात. त्या प्रत्येक वैद्यक संशोधकाच्या बाबतीत कमीअधिक प्रमाणात लागू असल्याने क्रमाने पाहणे आवश्यक आहे.

पहिली अडचण लेखनप्रकाराची. सूचीकार लेखनाचे शोधनिबंध, समीक्षालेख, पत्र, संपादकीय, रुग्णवृत्त असे वर्ग पाडतात. प्रभावांक काढताना पत्रांचे उल्लेख अंशात मिळविले जातात, परंतु पत्रे छेदात धरली जात नाहीत. पत्रामुळे नियतकालिकाचा अंक वाढतो. पत्रलेखकाच्या पदरात मात्र, नियम कडक असल्यास, काहीच पडत नाही. १९८६ चे टिपण हे या वर्गीकरणाच्या दृष्टीने ‘मूळ संशोधन’ ठरणार नाही. पण रुग्णांच्या दृष्टीने त्या विषयावरील तेच सर्वांत निर्णायक लेखन होते.

दुसरी अडचण नावाची. सूचीत हिंमतराव साळुबा हे ‘बावस्कर एच. एस.’ व प्रमोदिनी हिंमतराव या ‘बावस्कर पी. एच.’ म्हणून नोंदले जातात. आडनाव एकच, विषय एकच, गाव एकच. यंत्राने केलेल्या वर्गवारीत दोघांचे लेखन एकमेकांत मिसळण्याचा अथवा एकाच्या खाती जमा होण्याचा धोका उघड आहे. महाराष्ट्रात वडिलांचे वा पतीचे नाव मधले नाव म्हणून लावण्याची रीत असल्याने विवाहानंतर स्त्री संशोधकाची आद्याक्षरे व आडनाव दोन्ही बदलतात आणि तिचे विवाहापूर्वीचे लेखन दुसऱ्याच व्यक्तीचे ठरते. पाटील, जोशी, कुलकर्णी अशा आडनावांच्या बाबतीत तर एका आद्याक्षरामागे अनेक माणसे उभी असतात. २०१२ पासून उपलब्ध झालेल्या ‘ऑर्किड’ या संशोधक-क्रमांकाने ही अडचण पुढील लेखनापुरती सुटू शकते; मागील लेखन मात्र हातानेच निवडावे लागते.

तिसरी अडचण संज्ञांची. कोकणातील तांबड्या विंचवाचे शास्त्रीय नाव जुन्या लेखनात ‘ब्यूथस टॅम्युलस’, पुढे ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ व अलीकडे ‘हॉटेंटॉटा टॅम्युलस’ असे येते. एकाच नावाने शोध घेणाऱ्यास एकाच काळातील लेखन सापडते आणि विषयाचा इतिहास अर्धवट दिसतो.

चौथी अडचण काळाची. प्रभावांकाची खिडकी दोन वर्षांची आहे. परंतु जेथे लिहिणारे मोजके, तेथे उल्लेख संथपणे साचतात. पी. एम. मुंडले यांचे विंचूदंशावरील टिपण ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९६१ साली आले, या विषयावरील समीक्षालेखांत अर्धशतकानंतरही त्याचा निर्देश होतो. दोन वर्षांच्या हिशेबात ते टिपण शून्यवत् होय. याउलट, मोजक्या अभ्यासकांच्या क्षेत्रात लेखकास स्वतःचेच पूर्वीचे काम वारंवार उल्लेखावे लागते. असे स्वोल्लेख सरसकट दोषास्पद मानता येत नाहीत. ते वेगळे मोजून दोन्ही आकडे दाखविणे हाच न्याय्य मार्ग आहे.

पाचवी अडचण सर्वांत सूक्ष्म आहे. एखादा शोध पुरता यशस्वी झाला की तो पाठ्यपुस्तकात जातो आणि मग मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची कोणास गरज वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेचे वर्णन केले आहे. ज्ञानात विलीन होऊन नाव पुसले जाणे, असे तिला म्हणता येईल. १९५५ साली संघवी, राव व खानोलकर यांनी मुंबईतील रुग्णांच्या अभ्यासावरून तंबाखू ओढणे व चघळणे यांचा मुख, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. आज तंबाखूच्या पुडीवर इशारा वाचणाऱ्यास, किंवा त्यावर निबंध लिहिणाऱ्यासही, ही तीन नावे आठवतीलच असे नाही. उल्लेख घटणे हे कधी विस्मृतीचे, तर कधी पूर्ण स्वीकाराचे लक्षण असते. केवळ संख्येवरून हा भेद कळत नाही.

तद्वतच, उल्लेख वाढणे हेही नेहमी मान्यतेचे लक्षण नव्हे. १९९८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेला अँड्र्यू वेकफील्ड यांचा बारा मुलांवरील निबंध गोवराच्या संयुक्त लशीविषयी संशय निर्माण करणारा होता. तो २०१० साली मागे घेण्यात आला. त्याचे उल्लेख विपुल आहेत, आणि त्यांतील बहुतेक खंडनार्थ आहेत. गणकयंत्रास मंडन व खंडन सारखेच.

५. खारघर : लेखक म्हणजे एक समूह

आता पनवेलकडे वळावयास हरकत नाही. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ साली मुंबईत परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याची पुढील परंपरा चालविणारी संस्था २००२ साली खारघरच्या विस्तीर्ण परिसरात आली. कर्करोगविषयक उपचार, संशोधन व शिक्षण यांचे हे प्रगत केंद्र ‘ॲक्ट्रेक’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. तंबाखू चघळण्यातून होणारा गाल व हिरड्यांचा कर्करोग भारतात विशेष प्रमाणात आढळतो. त्याच्या जनुकीय रचनेचा शोध घेण्याचे काम आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम संघाच्या वतीने भारताकडे आले, आणि ते पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यक जीनोमिकी संस्था व खारघरचे केंद्र यांनी मिळून केले. ५० रुग्णांच्या अर्बुदांतील जनुकांचे वाचन करून व आणखी ६० रुग्णांत पडताळा घेऊन, या कर्करोगात वारंवार बदललेली आढळणारी काही नवी जनुके या अभ्यासाने दाखवून दिली. हा निबंध २०१३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

या निबंधाच्या लेखकस्थानी कोणा एका व्यक्तीचे नाव नाही. तेथे संघाच्या ‘भारतीय प्रकल्पगटा’चे नाव आहे. रुग्ण निवडणारा शल्यविशारद, ऊतींची पारख करणारा विकृतिशास्त्रज्ञ, जनुकवाचन करणारे तंत्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ या सर्वांच्या श्रमाचे हे फळ आहे. अशा निबंधाचे उल्लेख कोणाच्या खाती जमा करावयाचे? प्रत्येकास पूर्ण श्रेय दिल्यास एकाच निबंधाचे उल्लेख अनेकवार मोजले जातात. समान वाटणी केल्यास ज्याने वर्षानुवर्षे काम पाहिले आणि ज्याने एक चाचणी करून दिली ते दोघे सारखे ठरतात. आणि पहिल्या नावास श्रेय द्यावयाचे तर पहिले नाव समूहाचे आहे. महाडच्या टिपणात लेखक दोन व लेखन दोन पानांचे. खारघरच्या निबंधात लेखक म्हणजे एक अख्खा गट. पहिल्या ठिकाणी मोजपट्टीस लेखन दिसत नाही, दुसऱ्या ठिकाणी लेखक दिसत नाही.

यावर काही नियतकालिकांनी उपाय योजला आहे. कल्पना कोणाची, रुग्णांची नोंद कोणाची, विश्लेषण कोणाचे, लेखन कोणाचे, याचे स्वतंत्र निवेदन निबंधाच्या अखेरीस छापले जाते. मूल्यमापन करणाऱ्याने ते निवेदन वाचणे हे लेखकांचा क्रम मोजण्यापेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

६. नियम आणि त्यांचे फलित

संख्येवर विसंबण्याचे परिणाम भारतात स्पष्ट दिसून आले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांतील पदोन्नतीसाठी भारतीय वैद्यक परिषदेने शोधनिबंधांची अट घातली. २०१५ च्या परिपत्रकानुसार केवळ पहिल्या दोन लेखकांना श्रेय मिळे. २०२० च्या दुरुस्तीने पहिले तीन लेखक व पत्रव्यवहार करणारा लेखक ग्राह्य मानले गेले. मूळ निबंध, पद्धतशीर समीक्षा, एकत्रित विश्लेषण व रुग्णमालिका एवढेच प्रकार स्वीकारले गेले. हेतू शुद्ध होता. परंतु या दुरुस्तीच्या शब्दांप्रमाणे १९८६ चे ते पत्र कोणाही अध्यापकास पदोन्नतीसाठी दाखविता आले नसते. आणि मोठ्या चाचणीत दहाव्या क्रमांकावर राहून दहा वर्षे श्रमलेल्यासही काही मिळाले नसते.

दुसऱ्या बाजूस, संख्या गाठण्याच्या घाईने निकृष्ट नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ साली मान्य नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. डॉ. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर व त्यांचे सहकारी यांनी विद्यापीठांनी सुचविलेल्या १००९ नियतकालिकांची तपासणी करून २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडला, की त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकषांस उतरत नाहीत. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४३०५ नियतकालिके वगळली. पुढे पुणे विद्यापीठाच्या साह्याने ‘केअर’ ही नवी यादी करण्यात आली; तीही २०२५ साली बंद करून गुणवत्ता पारखण्याचे काम पुन्हा संस्थांवर सोपविण्यात आले. यादी कितीही काटेकोर असली तरी ती वाचनाची जागा घेऊ शकत नाही, हाच या आठ वर्षांच्या अनुभवाचा बोध होय.

याच संदर्भात आणखी एक पाहणी विचारात घ्यावयास हवी. दिल्लीतील समीरन नंदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील भारतातील ५७९ वैद्यकीय संस्थांचे लेखन तपासले. त्यांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही निबंध नव्हता. तर केवळ २५ संस्थांनी देशातील ४० टक्क्यांहून अधिक लेखन केले होते. येथे मोजणी आपले खरे काम करते. संस्थासमूहाचे चित्र दाखविण्यास, शून्य कोठे आहे हे दर्शविण्यास संख्या समर्थ आहे. व्यक्तीची योग्यता ठरविताना मात्र तीच संख्या दुबळी पडते. कारण समूहात जे अपवाद एकमेकांना सावरून घेतात, ते व्यक्तीच्या बाबतीत निर्णायक ठरतात.

७. मोजावे कसे

यावरून मोजमाप सोडून द्यावे असा निष्कर्ष निघत नाही. मोजमाप सोडले की त्याची जागा शिफारस, ओळख व प्रतिष्ठा घेतात, आणि महाडसारख्या गावातील संशोधकास त्या तिन्ही दुर्लभ असतात. सूचीत नाव सापडणे हाच त्याच्या बाजूचा निःपक्ष साक्षीदार असतो. प्रश्न आहे तो साक्ष कशी घ्यावी याचा.

अभ्यासकाने प्रथम संशोधकाची लेखनसूची किमान दोन साधनांतून व स्वतः संशोधकाकडून मिळवून जुळवून पाहावी. ‘स्कोपस’, ‘वेब ऑफ सायन्स’ व ‘गूगल स्कॉलर’ यांची व्याप्ती भिन्न असल्याने एकाच व्यक्तीचे तीन वेगळे आकडे येतात. आकड्याबरोबर साधन व तारीख नमूद नसेल तर तो आकडा निरर्थक होय. प्रादेशिक भाषांतील वैद्यक लेखन या साधनांत जवळजवळ येतच नाही, हेही विसरू नये. दुसरे, लेखनाचे प्रकारानुसार वर्ग करावेत, परंतु प्रकारावरून मूल्य ठरवू नये. तिसरे, प्रत्येक निबंधाच्या उल्लेखांची तुलना त्याच विषयातील, त्याच वर्षीच्या निबंधांशी करावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून वापरात आणलेले सापेक्ष उल्लेखमान या तत्त्वावरच आधारलेले आहे. निबंध ज्यांच्या सोबत उल्लेखिला जातो, त्यांच्याशी त्याची तुलना करून ते काढले जाते. चौथे, स्वोल्लेख वेगळे दाखवावेत. पाचवे, प्रमुख चारपाच निबंधांचे उल्लेख जेथे झाले ती वाक्ये प्रत्यक्ष वाचावीत. उल्लेख प्रास्ताविकात ओझरता आहे, पद्धतीचा आधार म्हणून आहे, की खंडनासाठी आहे, हे पन्नास वाक्ये वाचल्यावर कळते. पाचशे उल्लेख मोजून कळत नाही.

शेवटची पायरी लेखनाच्या बाहेरची आहे. वैद्यकात संशोधनाचा अंतिम वाचक हा रुग्णालयातील चिकित्सक असतो, आणि चिकित्सक निबंध लिहीत नाही. तो उपचार करतो. रात्री अकरा वाजता विंचू चावलेल्या मुलास आरोग्य केंद्रात प्राझोसिनची गोळी देणारा डॉक्टर कोणाचाही संदर्भोल्लेख करीत नसतो. त्याच्या कृतीची नोंद उपचारविषयक मार्गदर्शिकांत, पाठ्यपुस्तकांत, औषधसाठ्याच्या यादीत व मृत्यूच्या आकड्यांत शोधावी लागते. उल्लेखसंख्या हे एका लेखकाने दुसऱ्या लेखकाशी केलेल्या व्यवहाराचे खाते आहे. रुग्णाचे खाते त्यात नाही.

८. उपसंहार

प्रभावांकाने व्यक्तीचे मूल्य ठरवू नये, असे आवाहन २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथील सभेतून निघाले. २०१५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांत, स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे संरक्षण व्हावे हे एक तत्त्व आहे. रायगड जिल्ह्यातील दोन्ही उदाहरणे याच तत्त्वाकडे बोट दाखवितात. तांबडा विंचू आणि तंबाखूचा कर्करोग हे दोन्ही प्रश्न येथल्या शेतात व येथल्या सवयीत जन्मलेले आहेत. त्यांचे उत्तर शोधणारे संशोधकही येथलेच. एका ठिकाणी ते उत्तर दोन पानांत सांगितले गेले, दुसऱ्या ठिकाणी त्यासाठी दोन संस्था एकत्र याव्या लागल्या.

निवडसमितीपुढे येणाऱ्या अर्जात एच-निर्देशांकाचा एक रकाना असतो. तो भरावयास हरकत नाही. मात्र त्या रकान्याशेजारी, अर्जदाराने आपले तीन सर्वांत महत्त्वाचे निबंध जोडावेत आणि समितीने ते वाचावेत, एवढी अट असली तरी पुष्कळ अन्याय टळेल. संख्या संशोधकाच्या दारापर्यंत नेऊन पोचवते. आत काय आहे हे पाहण्यासाठी दार उघडण्याचे श्रम परीक्षकालाच घ्यावे लागतात.